बोटवाले सर

सरांचं बोट खिडकीजवळच्या बाकावर येऊन थांबलं आणि नवी मुलगी पुस्तक घेऊन उभी राहिली.

इतिहासाच्या तासाला ही रीतच होती. सर बोट दाखवतील त्याने पुढचा परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि अर्थ सांगायचा. पोरं त्यांना बोटवाले सर म्हणत. विद्यार्थ्यांना बोलतं करतात म्हणून कॉलेजने त्यांचा सत्कारही केला होता. सर बोलताना अडखळतात, हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. अडलं की ते खोकत. घसा नाजूक आहे, असा सगळ्यांचा समज. तोंड उघडावं लागू नये म्हणून काढलेल्या पळवाटेला लोकांनी हार घातला होता.

"रा... रा... राज्य..." मुलगी पहिल्याच शब्दाला अडली.

"अगं, धक्का मारू का?" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदून हसला.

‘मीपण असाच आहे,’ सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खोकले आणि त्यांनी बोट पुढच्या बाकाकडे वळवलं.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, तु... तुम्ही वर्गाला हसू नका म्हणून सांगाल? तुमचं ऐकतील."

"बघू," सर म्हणाले.

घरी बायको भडकली. "बघू काय? मीपण अडखळतो, हे सांगून टाका की एकदाचं!"

"ह... हसतील गं."

"मग त्या पोरीला हसले ते चाललं?"

दुसऱ्या दिवसापासून सरांचं बोट तिला वगळून पुढे जाऊ लागलं. आपण दया करतोय, असं त्यांना वाटे. ती मात्र मान खाली घालून बसे, आणि एके दिवशी यायचीच बंद झाली.

तिचे वडील दाखला न्यायला आले. सरांना हात जोडून म्हणाले, "तुमच्याबद्दल चांगलंच बोलते हो. एकटे सरच हसले नाहीत म्हणते."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी वर्गात त्यांचं बोट उठलं नाही. त्यांनी तोच परिच्छेद काढला आणि स्वतः वाचायला लागले.

"रा... रा... राज्य..."

मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. "सर, एक नंबर! अगदी तिच्यासारखं!"

सर वाचतच राहिले. हसू ओसरलं तेव्हा ते दुसऱ्या ओळीत अडले होते, आणि खिडकीजवळचा बाक रिकामा होता.