खिळा सैल नव्हता

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात खुंटीला लटकणारी मी एक जुनी कात्री. कुणाची जीभ फार चालली की तुम्ही तिला माझी उपमा देता. मी मात्र जन्मभर गप्प राहिले, आणि तेच मला डाचतं.

माझे पहिले धनी आजोबा. कापडाआधी ते कागदाचा नमुना कापत, त्यावर तारीख टाकत आणि तारेला अडकवून ठेवत. चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका भर दुपारी, त्यांच्या हातात माझं टोक थरथरलं.

"खिळा सैल झालाय," ते म्हणाले. धारवाल्याने माझा खिळा ठोकून घट्ट केला. थरथर गेली नाही. पुढे त्यांचे पाय अडखळू लागले, बोलणं जड झालं, आणि त्यांनी खुर्ची धरली ती कायमची.

मग त्यांचा मुलगा आला. गुणगुणत कापायचा, मला फार आवडायचा. त्याच वयात, तशाच दुपारी माझं टोक हललं. मी ती थरथर ओळखली.

"खिळा सैल झालाय," तोही म्हणाला. शब्द तेच, आवाजही तोच. मी भ्याले. दहा वर्षांत तोही गेला.

आता दुकान त्याच्या मुलीचं. हा आजार मेंदूचा आहे, दुर्मीळ आहे, रक्तातून येतो आणि त्यावर औषध नाही, हे तिनेच शोधून काढलं. कुठे संशोधन चालतं याचा माग काढत तिने किती फोन केले! अखेर एक डॉक्टरीणबाई भेटल्या. पण त्यांना आजार पिढ्यान् पिढ्या दिसलेली घरंच हवी होती.

"आजोबांनाही होता, याला काही पुरावा?" त्यांनी विचारलं.

मुलीने घरी विचारलं. "छे गं, त्यांना कसला आजार?" दुकानात मशीनवर बसणारी तिची आत्या म्हणाली. "ही कात्रीच अवलक्षणी. फेकून दे एकदाची."

मुलीने तारेवरचे कागद उतरवले. वर्षानुवर्षं सरळ कडा, आणि एका तारखेपासून लाटा. वडिलांच्या कागदांवरही तेच. आत्याने बापलेकांचे दोन कागद एकमेकांवर ठेवले. लाट लाटेवर बसली. मग तिनेच ते कागद डॉक्टरीणबाईंसाठी पिशवीत घातले.

त्या कागदांच्या आधारे डॉक्टरीणबाईंनी मुलीला संशोधनात घेतलं.

काल दुपारी ती बाहीचा नमुना कापत होती. माझं टोक थरथरलं. आत्याचं मशीन थांबलं. मी त्या वाक्याची वाट पाहू लागले.

मुलीने पेन्सिल घेतली आणि कडेवरच्या लाटेशेजारी तारीख लिहिली.

"खिळा घट्ट आहे, आत्या," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका, हे तर मी मागेनच. पण कुणाचा हात थरथरला, तर आधी माझ्या खिळ्याकडे पाहू नका. तो हात हातात घ्या. आत्याने काल तेच केलं, फोन लावायच्या आधी.