सहाशे ब्लँकेटांची मैफल

"दुःखावर सुरांनी मात केल्याचं असं उदाहरण मानवजातीच्या इतिहासात दुसरं नाही!" असं मैफलीचे आयोजक नंदकुमारांनी रविवारी दुपारी तीन वाजता मंचावरून जाहीर केलं. हे त्यांनी तिसऱ्यांदा जाहीर केलं, कारण पहिल्या दोन वेळा माइक बंद होता. शिवाय मैफल अजून सुरूच व्हायची होती.

विंगेत उभ्या असलेल्या सुनीतीताईंना इतिहासाशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांचा जीव सहाशे ब्लँकेटांत अडकला होता. उत्तरेत भूकंप होऊन बारा दिवस झाले होते, आणि त्यांची भाची क्षिप्रा तिथल्या छावणीत डॉक्टर होती. "मावशी, इथे पोरं सिमेंटच्या पोत्यांत शिरून झोपतात गं," एवढंच ती फोनवर म्हणाली आणि रेंज गेली. ताईंनी सीवूड्सच्या आठ सोसायट्या हलवल्या. नंदकुमारांनी तारे-तारका गोळा केल्या. तिकीट नाही; नवं, पॅकबंद ब्लँकेट दाखवा आणि आत या. साडेसहाला शौकतभाईंचा टेम्पो ती सगळी द्रोणागिरीच्या गोदामात नेणार, तिथून लगेच कंटेनर उत्तरेकडे.

"दारातच गोळा करून घेऊ या," ताई म्हणाल्या होत्या.

"वहिनी, त्यात क्षण कुठे आला?" नंदकुमार म्हणाले. "शेवटी सहाशे लोक एकदम ब्लँकेटं डोक्यावर धरणार. वरून ड्रोन. अंगावर काटा येईल!"

काटा आला, पण वेळेच्या आधी आला. प्रमुख तारा शौनक देवस्थळी जरीची जाड शेरवानी घालून गातात, म्हणून एसी सोळावर ठेवायचा, अशी त्यांची अट होती. मालिकेतल्या दोन सुना नाचल्या. 'महाराष्ट्राचा एकमेव आवाज' हा किताब मिळवलेले तिघे गायले. शौनकजी बैठकीवर येईपर्यंत सभागृहाचा बर्फाचा कारखाना झाला होता.

तिसऱ्या रांगेत करावे गावच्या पुतळाबाय बसल्या होत्या. चाळीस वर्षं मासळी विकून बर्फाशी त्यांची जुनी ओळख. "बर्फ मासल्यांना बरा, मानसांना नाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "घोंगरी मांडीव हाय, मंग कुरकुराचा कनाला?" आणि शौनकजींच्या आलापात ब्लँकेटाच्या पिशवीची चेन सर्रकन उघडली. पाच मिनिटांत सहाशे चेना उघडल्या. सहाशे माणसं गळ्यापर्यंत गुंडाळून बसली.

ताई धावत एसीवाल्याकडे गेल्या. तो कानटोपी घालून बसला होता. "शौनकसाहेब स्वतः बोलले तरच वाढवीन," तो म्हणाला.

ताई हात हलवत परत आल्या, तोच गाणं संपलं, आणि सभागृहात शांतता पसरली. लोक टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून, पण ब्लँकेटाच्या आत. शेजारच्या घरी कोणी उशी बडवावी तसा आवाज येत होता. शौनकजींचा चेहरा पडला. ते विंगेकडे वाकून कुजबुजले, "काय झालं? नाही आवडलं?"

"फार आवडलं," ताई म्हणाल्या. "पण हात आत आहेत लोकांचे. सव्वीस केलंत तर बाहेर येतील."

"अहो, पण माझी शेरवानी..."

"शेरवानी काढता येते. टाळ्या कुठून आणाल?"

"एसी सव्वीस करा!" शौनकजी माइकवरून गरजले. त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी या वाक्याला पडली.

मैफल तरली, पण ताईंचं संकट तिथूनच सुरू झालं. एकदा बाहेर आलेलं ब्लँकेट पुन्हा त्याच पिशवीत घालणारा माणूस पावणे एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कारखान्यातही अजून कोणी पाहिलेला नाही. एक निवृत्त इंजिनिअर ब्लँकेटवर बसून चेन ओढत होते. चेन त्यांच्या हातात आली. सहा वाजले. शौकतभाई टेम्पो लावून आत आले आणि बघतच राहिले.

"पॅकबंदच पाहिजेत ना हो गोदामात?" ताईंनी घाईघाईनं विचारलं. पोत्यांत शिरलेली पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

शौकतभाईंनी एका ब्लँकेटवर हात फिरवला. "गरम हाय अजून." मग त्यांनी गोदामात फोन लावला. "हां, पिशव्या नाय येणार. माल टेस्टिंग करून आणतोय. सहाशेच्या सहाशे पास! आणि बिगरपिशवीचे दाबून भरता येतील, अर्ध्या जागेत." फोन ठेवून ते म्हणाले, "ताई, टेन्शन नको. वापरलेलं चालत नाय. अर्धा तास पांघरलं त्याला वापरलं कोन म्हनतो?"

पुतळाबायनी पदर खोचला. खुर्च्यांपासून टेम्पोपर्यंत माणसांची साखळी लागली आणि घड्या हातोहात सरकू लागल्या. नंदकुमारही साखळीत होते, त्यामुळे ड्रोन उडवायचा राहून गेला. सहा सव्वीसला टेम्पो सुटला. ताईंनी क्षिप्राला 'निघाली' एवढाच मेसेज केला आणि खुर्चीत बसून डोळे पुसले.

शौनकजी साध्या बनियनवर, शेरवानी हातात घेऊन, समोर येऊन उभे राहिले. त्यांचेही डोळे भरले होते. "ताई, हजार मैफली केल्या. पण कलाकार किती लहान असतो आणि माणूस किती मोठा, ते आज कळलं."

ताईंना गहिवरून आलं. "काही लागलं तर हक्कानं सांगा हं."

"लागलं असं नाही..." शौनकजींनी कोपऱ्यातल्या रिकाम्या पिशव्यांच्या ढिगाकडे पाहिलं. पुतळाबाय त्यातल्या चांगल्या निवडून काखेत मारत होत्या. "त्या चेनच्या पिशव्या टाकूनच देणार असाल, तर दोन मिळतील का? आमच्या हिला स्वेटर ठेवायला हव्या होत्या."