खासगीपणाचा आदर

फोटो परत करायचे म्हणून संग्रहालयवाल्यांनी काय तो थाट मांडला होता! हार, माइक, पाण्याच्या बाटल्या. त्यांच्या कुणा साहेबानं डोंगरातल्या आम्हा मूळ लोकांना उन्हात उभं करून फोटो काढले, ते ऐंशी वर्षं यांच्या कपाटात पडून राहिले, आणि आता परत देताना आव असा की जणू आमच्यावर उपकारच करतायत.

आत्या मात्र भल्या पहाटे तयार होऊन बसली होती. ती सहा महिन्यांची असताना तिची आई गेली. घरात फोटो नाही, काही नाही. आता म्हातारपणी, दोन बस बदलून, बाई पहिल्यांदा आईचं तोंड बघायला निघाली होती. वाटेत तीनदा विचारलंन, "ओळखेन का गं मी?"

तीन भाषणं झाली. मग संग्रहपालानं तिच्या हातात फोटोची चौकट ठेवली. आत्यानं चष्मा चढवला, रुमालानं काच पुसली. पुन्हा पुसली.

"धूळ नाहीये ती, मावशी," संग्रहपाल म्हणाला. मावशी म्हणे! "आमचं नवं धोरण आहे. फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती नसेल तर चेहरा धूसर करतो. खासगीपणाचा आदर."

मी डोकावले. हातातल्या टोपलीची काडी न् काडी लख्ख, पायांची नखंसुद्धा दिसतायत, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. माझं टाळकंच सटकलं.

"अहो, ती मेलीय! सही काय स्मशानातून आणू? आणि फोटो काढताना तिला विचारलं होतं का कुणी?"

"तेव्हा धोरण नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. डोंबल तुझं धोरण!

आत्यानं माझा हात दाबला. "थांब गं जरा." मग त्याला म्हणाली, "खरा फोटो तुम्ही पाहिलाय?"

"म्हणजे काय! मूळ प्रत आमच्याकडेच असते. बारा वर्षं मीच सांभाळतोय."

"मग सांगा ना. कशी दिसते माझी आई?"

गडी पहिल्यांदाच गडबडला. शेवटी त्या साहेबाची नोंदवही मागवलीन आणि बोट फिरवत वाचायला लागला, "प्रौढ स्त्री. उंची चार फूट नऊ इंच. डोक्याचा घेर साडेवीस. दात पूर्ण."

"हसतेय का?"

त्यानं पान उलटून पाहिलं, परत मागं आणलं.

"त्याचा रकाना नाहीये, मावशी."