फुई

धनश्रीने बाळाच्या पायावरची सुईची चिकटपट्टी ओल्या कापसाने अलगद सोडवली आणि नेहमीसारखं म्हणाली, "बेड चार, झालं हं."

बेड चार! एवढासा जीव, आणि सिस्टरच्या तोंडी त्याचा नंबर. पूर्वी अशी नव्हती हो ती. वॉर्डातल्या एकेका लेकराला लाडाचं नाव ठेवायची. पण नाव ठेवलं की माया लागते, आणि ते लेकरू गेलं की घास घशाखाली उतरत नाही. सुरतच्या या बालरुग्णालयात ती पुरती पोळली, आणि मग तिने नावंच टाकली. गेल्या महिन्यात एक बाळ गेलं, तर तिने हात धुऊन डबा खाल्ला. अगदी लोणच्यासकट. त्या दिवशी मात्र ती स्वतःलाच घाबरली.

मेट्रनकडे जाऊन म्हणाली, "मला लसीच्या खोलीत टाका. इथं द्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही."

मेट्रनने ऐकलं. आज तिचा या वॉर्डातला शेवटचा दिवस होता.

"माय, जराशी थांब ना." बाळाची आजी पुष्पाबाई आडवी आली. तिचा मुलगा जवळच पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला. सून सोनाली बाळाला छातीशी बांधून खाटेवर बसलेली. "सकाळे घर जातस आम्ही. नाव ठेवानं राही गयं. मन्ही पोर धुयाले शे. आठे फुई कोन? तूच."

फुई म्हणजे आत्या; खरी आत्या, पुष्पाबाईची लेक, तिकडे धुळ्याला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि त्या वेळी बायकांचे धपाटे पाठीवर खायचे तेही तिनेच.

"मी कसली आत्या, मावशी! कामं पडलीत माझी."

"ताई, बिननावाचंच नेऊ का घरी?" सोनाली हळूच म्हणाली.

"बरं, आटपा लवकर. काय नाव सांगू?"

"तूच ठेव."

घ्या! जी नावापासून पळते तिच्याच गळ्यात नाव. धनश्री वाकली. बाळाला दुधाचा आंबूस वास येत होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. बाळाने मोठी थोरली जांभई दिली.

"कुर्रर्र... योगराज."

इतक्याशा पोराला एवढं भारदस्त नाव! बायका खळखळून हसल्या आणि धपाटे सुरू झाले. शेजारच्या खाटेवरची परभणीची अश्विनी आपलं बाळ एका हाताने सावरत आली. पलीकडच्या गुजराती बाईला ही रीत ठाऊक नव्हती, पण तिनेही हौसेने हात धुऊन घेतला. धपाटे कसले, थोपटणंच ते. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांच्या पाठी थोपटणाऱ्या या सिस्टरच्या पाठीवरून असा हात शेवटचा कधी फिरला होता, देव जाणे.

धपाटे ओसरत आले, तरी धनश्री वर उठेना. तिचे खांदे हलू लागले. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"लागनं का माय?" पुष्पाबाईचा चेहरा उतरला.

"लागलं," धनश्री तशीच ओणवी राहून, नाक ओढत म्हणाली. "थांबलात कशाला? मारा अजून."