नुसता धर, ओढू नकोस

मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर दोराचा तुकडा आहे. उभ्या माणसाच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत पोचेन, एवढीच माझी लांबी उरली आहे. दोन्ही टोकांना हात अडकवण्यापुरती गाठ मारलेली कडी आहे. एके काळी मी निळा होतो आणि माझ्या अंगावरून एक नारिंगी रेघ जात असे. आता निळ्याचा राखाडी झाला आहे आणि ती रेघ शोधावी लागते. बोरिवलीच्या एका घरात, दाराजवळच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या तुकड्याजवळ सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या वाट्याला जे आले ते मला सांगावेसे वाटते.

माझा जन्म यंत्रावर झाला. आत पांढऱ्या धाग्यांचा पीळ भरला, त्याला गाभा म्हणतात. त्यावर रंगीत धाग्यांची घट्ट खोळ विणली. वजन पेलायचे गाभ्याने आणि दगडाचे घासणे सोसायचे खोळीने, अशी आमच्यात वाटणी असते. विणून झाल्यावर माझी गुंडाळी करून मला दुकानात पाठवले. तिथे क्षमा आली. तेव्हा ती तरुण होती, एका विमा कंपनीत नोकरी करत होती आणि दर रविवारी मुलामुलींना घेऊन डोंगरात जात होती. तिने मला काउंटरवर पूर्ण उलगडले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपून पाहिले. दुकानदार कंटाळला, पण ती घाई करायला तयार नव्हती.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. मी सह्याद्रीतल्या कितीतरी कड्यांवर लटकलो. एकदा शकु नावाची क्षमाची मैत्रीण कड्यावरून घसरली. ती दहिसरला राहणारी, मूळची मालवणकडची. तिचे सगळे वजन एका झटक्यात माझ्यावर आले. मी ताणलो, करकरलो, पण सोडले नाही. वर आल्यावर शकुने मला दोन्ही हातांनी धरून माझा मुका घेतला. "ह्यो दोर नाय, देव आसा," असे ती सगळ्यांना सांगत सुटली. संध्याकाळी घरी गेल्यावर क्षमा मला साध्या पाण्याने धूत असे आणि सावलीत वाळवत असे. माझ्यावर कोणी पाय दिला तर ती रागावत असे, कारण पायाखालची वाळू दोराच्या पोटात शिरली की आतून धागे कापत जाते.

पण दोराला वय असते, मित्रांनो. एके दिवशी क्षमाने मला नव्या मुलांसमोर ठेवले आणि म्हणाली, "हा दिसायला धड आहे. पण याच्यावर आता जीव टांगायचा नाही. याची सुट्टी." मला फार वाईट वाटले. ती बरोबर बोलत होती हे कळत असूनही वाटले. मग मी माळ्यावर गेलो. तिथून मला कधी काढले ते घर बदलताना टेम्पोवर कपाट बांधायला, आणि नंतर गॅलरीत गोधड्या वाळत घालायला. ऊन माझा रंग खाऊ लागले. माझ्यावरून हात फिरवणारे कोणी उरले नाही.

त्याच वर्षांत क्षमाची नजर जात होती, हे मला उशिरा कळले. तिला काचबिंदू होता. आधी बाजूचे दिसेनासे झाले, मग समोरचेही धूसर होत गेले आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. तिने पांढरी काठी घेऊन चालायला शिकून घेतले. ऑफिसात बोलणारा कॉम्प्युटर घेऊन कामही सुरू ठेवले. डोंगर मात्र सुटला. रविवारी ती गॅलरीत बसत असे, आणि माझ्यावरच्या गोधड्यांआड तिचा चेहरा मला दिसत नसे.

एका संध्याकाळी गोधडी काढताना तिचा हात माझ्यावर पडला. ती थांबली. बोटांनी माझी वीण चाचपली.

"विद्याधर, हा आपला दोर आहे?" तिने विचारले.

विद्याधर म्हणजे तिचा नवरा. हिशेबनीस. मनाने चांगला, पण डोंगराशी त्याचा संबंध नव्हता. क्षमा रविवारी बाहेर पडे तेव्हा तो झोपलेला असे आणि ती परत येई तेव्हा तो शब्दकोडे सोडवत असे.

"गोधड्यांना काहीतरी हवं होतं गं," तो म्हणाला.

"काढ तो. आणि गॅसवर सुरी तापव."

तिने जिथे बोट ठेवले तिथे विद्याधरने तापलेली सुरी टेकवली. जळक्या नायलॉनचा वास घरभर पसरला. इतकी वर्षे एकसंध असलेला मी दोन झालो. मोठा भाग गॅलरीत परत गेला आणि मी तिच्या मांडीवर पडून राहिलो. मला का कापले, हे मला कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी यज्ञेश आला तेव्हा कळले.

यज्ञेश आता डोंगरात जाणाऱ्या मुलांचा ग्रुप चालवत होता. कधीकाळी क्षमानेच त्याला तयार केले होते. दर वर्षी पाऊस संपला की नव्या मुलांना घेऊन ग्रुप नॅशनल पार्कात जात असे. गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत, ओढ्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याने, पायी. या वर्षी आपण येणार, असे क्षमाने त्याला फोनवर सांगितले होते.

"ताई, तू ये ना," यज्ञेश म्हणाला. "आम्ही चालत येतो, तू बसने ये. वर भेटू. सगळ्यांना बरं वाटेल."

"यज्ञेश, मी तुला चालायला शिकवलं. बसमध्ये बसायला नाही."

"पण तुझा हात कोण धरणार एवढा वेळ?"

"हात कोणी धरायचा नाही. कोणाच्या तरी कोपराला चिकटून मी एवढं चालणार नाही. मला माझी चाल हवी." तिने मला उचलून दाखवले. "एक टोक पुढच्याकडे, एक माझ्याकडे."

यज्ञेशने माझी कडी ओढून पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक कबूल कर. मध्येच सोडावं लागलं तर पुन्हा हट्ट करायचा नाही. माझ्यावर मुलांची जबाबदारी असते, ताई."

"कबूल."

"पुढचं टोक कोण धरणार?"

क्षमाने अजून ते ठरवलेले नव्हते. शकुला विचारावे, असे तिच्या मनात असावे. पण तेवढ्यात कोपऱ्यातून विद्याधर म्हणाला, "मी धरतो."

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी गेटवर मी विद्याधरच्या मुठीत होतो. त्याने मला हाताला दोन वेढे दिले होते. त्याच्या तळव्याला घाम सुटला होता. दुसरे टोक क्षमाच्या डाव्या हातात आणि उजव्या हातात तिची काठी. मागे शकु आणि पुढे यज्ञेशबरोबर नवी मुले.

सुरुवातीला रस्त्यावर गर्दी होती. सायकलवाले होते, फिरायला आलेली कुटुंबे होती. प्रत्येक घंटीबरोबर विद्याधर दचके आणि मला हिसका देई. पुढे गर्दी विरळ झाली आणि चढ लागला. दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ आल्या. उजवीकडे ओढा होता, कुठे झाडांआड, कुठे अगदी रस्त्याला लागून. पण विद्याधरचे तिकडे लक्ष नव्हते. तो सारखा मागे बघत होता आणि मला ओढत होता. क्षमाची काठी जमीन शोधायच्या आतच मी तिला पुढे खेचत होतो. तिचे पाऊल अर्धवट पडत होते. माझ्यात जीव असता तर मी त्याच्या मुठीतून निसटलो असतो.

"जरा हळू," ती दोनदा म्हणाली.

"हळूच चाललोय."

उतारावरून एक सायकल जोरात आली. विद्याधरने जीव खाऊन मला कडेला ओढले. कडेचे डांबर उखडलेले होते. क्षमाची काठी त्या खाचेत अडकली आणि ती गुडघ्यांवर पडली. मी तिच्या हातातून सुटलो.

शकु धावली. "खंय लागला गो? बघू. रगात येता हा."

क्षमाचा तळवा सोलला होता आणि सलवार गुडघ्यावर फाटली होती. विद्याधर पांढराफटक पडला होता. त्याने वेढे सोडले, आणि त्याच्याकडचे टोकही रस्त्यावर पडले.

"बस झालं," तो म्हणाला. "मला नाही जमत हे. तुला काही झालं असतं म्हणजे? मी बस थांबवतो."

पुढे गेलेला यज्ञेश परत आला होता. त्याला वाईट वाटत होते, पण कबूल केलेली गोष्ट त्याच्याही लक्षात होती. खालच्या वळणावर पार्काची बस दिसू लागली. विद्याधर रस्त्याच्या मधोमध जाऊन हात दाखवू लागला.

मी डांबरावर पडून होतो. क्षमाने तळव्याचे रक्त ओढणीला पुसले आणि ती बसल्या जागी हात फिरवू लागली. ती मला शोधत होती. शकु मला उचलायला वाकली.

"थांब," क्षमा म्हणाली. "मला सापडू दे."

तिचा हात खडीवरून फिरला, एका सुकलेल्या पानावर थांबला, पुढे सरकला आणि माझ्यावर आला. तिने माझी कडी हातात घातली आणि ती उभी राहिली. माझे दुसरे टोक तसेच जमिनीवर लोळत होते.

बस थांबली. "चढताय ना?" ड्रायव्हरने विचारले.

विद्याधर वळला. क्षमा रस्त्याच्या कडेला सरळ उभी होती. फाटलेला गुडघा, हातात अर्धा लोंबणारा दोर. तिचा चेहरा बसच्या आवाजाकडे नव्हता. ज्या बाजूने चढ सुरू होता, त्या बाजूला होता.

बसमधली माणसे खिडकीतून डोकावू लागली.

"नाही," विद्याधर ड्रायव्हरला म्हणाला. "सॉरी. तुम्ही जा."

बस गेली. त्याने येऊन माझे टोक उचलले आणि हाताला वेढा द्यायला लागला.

"वेढा देऊ नकोस," क्षमा म्हणाली. "दोन बोटांत धर. मी दोराच्या मागे येत नाहीये, विद्याधर. मी चालते आहे. तू कुठे आहेस, तेवढंच मला कळायला हवं. नुसता धर, ओढू नकोस."

"आणि काही आलं तर?"

"तर तोंडाने सांग."

त्यानंतर मी प्रथमच सैल झालो. माझ्या मधल्या भागाला हलका झोल आला. विद्याधर डावीकडे वळला की मी थोडा डावीकडे झुके आणि क्षमाला ते बोटांत कळे. "खड्डा आहे, उजवीकडे हो," तो सांगे. "पुढे सपाट आहे." आधी त्याचा आवाज घाबरलेला होता. हळूहळू तो नेहमीसारखा झाला.

ओढा अगदी जवळ आला तिथे पाण्याचा आवाज वाढला. क्षमा थांबली.

"पाणी कसं आहे?"

विद्याधरने पहिल्यांदा नीट पाहिले. "आहे. गुडघाभर असेल. मोठे मोठे दगड आहेत."

"हिशेब नको देऊस. रंग सांग."

तो पुढे वाकला. "चहात दूध कमी पडल्यावर होतो ना, तसा. पण एका दगडापाशी हिरवा आहे. तिथे झाड वाकलंय. क्षमा, इथे मासे आहेत. बारीक, काळे." तो काठावरच्या दगडापर्यंत गेला आणि मला ताण बसला, तसा चटकन मागे आला. "मी इतकी वर्षं बोरिवलीत राहतो," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागला.

क्षमा हसली. मागे शकुने नाक ओढले आणि ऊन फार आहे म्हणून रुमालाने सगळा चेहरा पुसला.

शेवटचा चढ कठीण होता. क्षमाचा गुडघा सुजला होता आणि ती लंगडत होती. ती दोनदा थांबून पाणी प्यायली. पण माझ्यात एकदाही ताण आला नाही, कारण विद्याधर तिच्या चालीने चालत होता. कान्हेरीच्या पायऱ्यांपाशी मुले बसून काकड्या खात होती. आम्हाला येताना पाहून ती उठून उभी राहिली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. यज्ञेशने त्यांना आधीच दटावले असावे, कारण त्याला आपल्या ताईचा स्वभाव माहीत होता. पायऱ्या चढून क्षमा पहिल्या लेण्यात गेली आणि खांबाच्या थंड दगडावर सोललेला तळवा ठेवून उभी राहिली. तेवढ्यात विद्याधर मटकन खाली बसला. त्याने बूट काढले. दोन्ही टाचांना मोठे फोड आले होते. त्याबद्दल तो वाटेत एक अक्षर बोलला नव्हता.

यज्ञेश जवळ आला. "ताई, डिसेंबरात नाणेघाट आहे. नाव घालू?"

"दोघांचं घाल," क्षमा म्हणाली. "आणि याला बूट कुठले घ्यायचे ते सांग. ऑफिसचे बूट घालून आलेला दिसतोय. मला वासावरूनच पॉलिश कळलं."

आता मी तिचा नेहमीचा सोबती आहे. घरी आल्यावर विद्याधर मला साध्या पाण्याने धुतो आणि सावलीत वाळवतो. हे त्याला क्षमाने शिकवले. माझी खोळ कुठे विरली आहे का, ते ती बोटांनी तपासते. ज्या दिवशी विरेल त्या दिवशी मलाही सुट्टी मिळेल, आणि ते योग्यच होईल.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला उन्हात सडू देऊ नका. त्याच्यावर पाय देऊ नका, आणि तो जुना झाला असेल तर त्याच्यावर जीव टांगू नका. पण तो निकामी झाला, असेही समजू नका. आणि कधी तुमच्या हातात पुढचे टोक आले, मागे कोणी तुमच्यापेक्षा हळू चालणारे असले, तर मूठ सैल ठेवा. वाटेत खड्डा असेल तर तोंडाने सांगा. बाकी चालायचे काम ते माणूस स्वतःच करते. मी मधला आहे, मला दोन्ही हात कळतात.