दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार

शिवशरणअप्पाचं तेलगावात चांगलं चालतं किराणा दुकान होतं, पण त्याचं मन गुळात रमेना. गावात घरांवर डिशच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या आणि अप्पाला रंगीत टीव्हीची एजन्सी पाहिजे होती. खरं कारण वेगळंच. त्याचा मेहुणा राजेश्वर अंबाजोगाईला कापडाचा मोठा दुकानदार. दर भेटीत चारचौघांत विचारायचा, "काय दाजी, गुळाला मुंग्या लागल्या का नाही?" अप्पाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एजन्सी मिळाली की या मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायचं, एवढीच त्याची इच्छा.

आणि एक दिवस सुंदररावाच्या एसटीडी बूथवर कंपनीच्या साहेबाचा फोन आला. अप्पा धावतपळत गेला. साहेब म्हणाला, "पुढच्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो. दुकान बघतो, गिऱ्हाईक बघतो. तुम्ही नाहीतर तुमच्या समोरचे मोहनराव, एकाला देऊन टाकतो." आणि फोन कट!

आता महिना उजाडला शुक्रवारी. झाली ना पंचाईत!

अप्पाला मात्र काडीची शंका नव्हती. घरात सोमवार म्हणजे महादेवाचा वार, आठवडा तिथूनच सुरू. "शुक्रवार-शनिवार-रविवारात पहिला आठवडा खलास. चार तारखेच्या सोमवारी दुसरा लागला. म्हणजे पाच तारीख!"

बायको गंगासागर चूल फुंकता फुंकता म्हणाली, "अहो, आठवडा बाजार ते बाजार असतो. पहिला बाजार दोन तारखेला, दुसरा नऊला. मंगळवार येतो बारा तारखेला."

"तुझ्या बाजारावर कंपनी चालती का?"

तेवढ्यात मेंढ्यांसाठी सरकी घ्यायला तात्याबा धनगर आला होता. त्यानंही तोंड घातलं. "आप्पा, म्हयना अमुशाला बदलतो. अमुशा अजून लई लांब हाय. तुमी कावून घाई करायलात?"

"तू सरकी घे बे, आन गप घरी जा," अप्पा खेकसला.

पण सरकी घेऊन जायच्या आधीच अप्पानं त्याला कामाला जुंपलं. साहेबाला गिऱ्हाईक दाखवायचं होतं. आता तेलगावात रंगीत टीव्ही मागायला कोण येतंय? मग अप्पानं भावकी गोळा केली, उधारीवाले गोळा केले, तात्याबाची बायको सारजाबाई हिलासुद्धा बोलावलं. सगळ्यांना धुतलेली कापडं घालून यायला सांगितलं. सारजाबाईला शिकवलं, "साहेब समोर आला की विचारायचं, आप्पा, कलर टीव्ही कवा येनार? बास. जास्ती बोलायचं न्हाई." राजेश्वराला पत्ता लागू न देता टीव्हीची रिकामी खोकी आणून दर्शनी भागात रचली.

पाच तारखेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकीनं तीनदा चहा घेतला, चिवडा संपवला. सारजाबाई रस्त्यावर जीप वाजली की म्हणायची, "आप्पा, कलर टीव्ही कवा येनार?" जीप पुढं निघून जायची. समोर मोहनराव मोटरपंपाच्या दुकानात बसून गालातल्या गालात हसत होता. साहेब काही आला नाही.

गंगासागरनं भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा तारखेवर बोट ठेवलं. ते जास्ती झोंबलं.

मग बारा तारीख. अप्पानं परत सगळ्यांच्या हातापाया पडून लोक जमवले. या खेपेला निम्मेच आले आणि आल्याआल्या चिवडा मागायला लागले. साहेब नाहीच. आता गंगासागरचाही चेहरा पडला. संध्याकाळी अप्पानं खोकी लाथेनं उडवली आणि तिथं सरकीच्या पेंडीची पोती रचली. "भिकारचोट कंपनी! आपल्याला येड्यात काढलं," असं तो येईल त्याला सांगत सुटला. राजेश्वराला कळलं असणारच, या विचारानं त्याला रात्री जेवण जाईना.

पण सारजाबाईचं वेगळंच झालं. तो प्रश्न विचारून विचारून बाईच्या डोक्यात टीव्ही पक्का बसला. एक दिवसाआड ती दुकानात यायला लागली. "आप्पा, कलर टीव्ही कवा येनार?" आधी अप्पा हसला, मग कुरकुरला.

पुढच्या मंगळवारी ती परत आली तेव्हा अप्पा पेंडीची पोती मोजत होता, अंगावर बनियन, डोक्यावर भुसा. दुकानात एक अनोळखी माणूस बॅग घेऊन उभा होता. विमा विकायला आला असेल म्हणून अप्पानं त्याच्याकडं बघितलंही नव्हतं.

"आप्पा, कलर टीव्ही..."

"आगं ए बाई!" अप्पा कडाडला. "कसला टीव्ही? खोकी रिकामी होती, मानसं चहा पाजून आनलेली होती. या गावात टीव्ही घेनारं एक तरी हाय का? नाटक संपलं, जा घरी!"

सारजाबाई हलली नाही. "मी घेनार हाय की. काल दोन शेळ्या विकल्या त्याच्यासाठी."

अनोळखी माणसानं घसा खाकरला. "मी कंपनीकडून आलोय. फोन केला होता ना, दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो म्हणून?"

अप्पा घाईघाईनं डोक्यावरचा भुसा झटकायला लागला. "साहेब... आज एकोणीस तारीख हाय."

"बरोबर. सहा तारखेला आमच्या हिशेबाचं क्लोजिंग असतं. कंपनीचा महिना सातला सुरू होतो. सात ते तेरा पहिला आठवडा, चौदा ते वीस दुसरा." हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, अशा सुरात तो बोलला.

अप्पाला रडावं का हसावं कळेना. गंगासागरनं आतून पाण्याचा तांब्या आणून साहेबापुढं ठेवला. साहेब पाणी प्यायला आणि सारजाबाईकडं वळला. "बाई, खरंच घेणार टीव्ही?"

"मग काय थट्टा करायले का?"

"साहेब, आता एकदा माझं ऐका," अप्पा हात जोडून म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की गंगासागरनं मान वळवली. "मी खोकी परत रचतो. लोक बोलावतो."

"लोक कशाला बोलावता?" साहेब बॅग उचलून म्हणाला. "गावात गिऱ्हाईक आहे की. दुकानदार तेवढा बघतो." आणि सारजाबाईला घेऊन तो रस्ता ओलांडून मोहनरावाच्या दुकानात गेला.