सात पाण्यांत धुतलेली वाळू

सुताराची बायको काविळीतून उठली खरी, पण अंगात जीव राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "औषधाइतकंच पाणीही सांभाळा. टेकडीवर धड पाणी मिळत नसेल, तर काही महिने माहेरी पाठवा."

टेकडीवरचं ते घर दोघांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. तिथं विजेची तार नव्हती की नळ नव्हता. छपरावरच्या सोलरवर दोन दिवे लागायचे आणि पाणी ओढ्यातून यायचं. ते उकळून प्यायचे, पण सरपण ओलं असलं की नुसत्या फडक्यातून गाळलेल्या पाण्यावर भागवावं लागे.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई टेकडी चढून आल्या. दम खात म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. मी पोरीला न्यायला आलेय."

"आई, थोडे दिवस द्या. पाणी गाळायची सोय करतो. नाही जमलं, तर मीच तिला तुमच्याकडे आणून सोडेन."

"मग मी इथंच थांबते. बघू तरी काय करताय ते."

सुतार कामाला लागला. दगडी ओट्यावर त्यानं दोन पिंपं एकावर एक चढवली. वरच्या पिंपाच्या बुडाला भोकं पाडून त्यात तळाला खडी, तिच्यावर जाड वाळू, मग कुटलेला कोळसा आणि सगळ्यात वर बारीक वाळू. वरून ओतलेलं पाणी आपल्याच वजनानं झिरपत खालच्या पिंपात उतरायचं आणि तिथल्या तोटीतून घ्यायचं. ना मोटार, ना वीज.

सगळं बसवून त्यानं बादलीभर पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं तोटी सोडली, तर शाईसारखं काळं पाणी आलं.

दारात बसलेली बायको म्हणाली, "पेनात भरून ठेवू या का?"

सुताराला हसू आलं नाही. तो ओट्यालाच टेकून बसला. सासूबाई आता बांधाबांध करायला सांगणार, असंच त्याला वाटलं. पण त्यांनी पिंपात हात घातला, मूठभर वाळू काढून तांब्यातल्या पाण्यात चोळली. पाणी लगेच गढूळ झालं.

"धुतली होती का ही?"

"धुतली की. दोनदा."

"अहो, पालेभाजीसुद्धा दोन पाण्यांत निघत नाही. ही तर ओढ्याची वाळू. काढा सगळं बाहेर."

त्यांनी बाह्या सरसावल्या. दोघं ओढ्याकाठी बसून घमेल्या-घमेल्यानं वाळू, खडी, कोळसा धुऊ लागले. सासूबाईंना उकिडवं बसवेना, म्हणून सुतारानं फळकुटं ठोकून त्यांना एक बुटकं स्टूल करून दिलं. त्यावर बसून त्या हळूहळू बोलायला लागल्या.

"हिचे बाबा गेल्यापासून घरात बोलणारी मी आणि ऐकणारीही मीच. पाण्याचं निमित्त झालं, जावईबापू. न्यायचं तर मनात आधीपासूनच होतं."

सुतारानं त्यांच्या हातातलं जड घमेलं घेतलं आणि स्वतःकडचं हलकं पुढं सरकवलं. सातव्या पाण्याला वाळू निवळली.

पिंप पुन्हा भरलं. या वेळी पाण्याच्या धारेनं वाळूत खळगाच पडला. त्यावर तोड काढली बायकोनं. "जुन्या ताटाला भोकं पाडा नि वाळूवर ठेवा. पाणी शिंपडल्यासारखं पडू दे." तसं केलं आणि खळगा पडायचा थांबला. पहिल्या काही बादल्या झाडांना गेल्या. मग एका सकाळी तोटीखाली धरलेल्या काचेच्या पेल्यातून सुताराला पलीकडची आपली बोटं स्वच्छ दिसली.

"तरी उकळल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. आता सरपण कोरडं राहावं म्हणून सुतारानं त्यावर छप्परही घातलं होतं. गार झालेलं पाणी बायको सावकाश, घोटाघोटानं प्यायली. "मातीचा वास नाही," ती म्हणाली आणि आणखी मागितलं.

पुढच्या तपासणीत रक्ताचा अहवाल चांगला आला. तिच्या गालांवर रंग आला, जेवण वाढलं, आणि नवऱ्याला टोमणे मारण्याइतका आवाजही परतला. माहेरी जायचा विषय कुणी काढला नाही. सासूबाईही परत जायचं नाव घेत नव्हत्या.

एका संध्याकाळी सुतार अंगणात दोरी धरून मापं घेत होता. सासूबाईंनी विचारलं, "आता काय काढलंत हे?"

"खोली. तुमच्यासाठी." मान वर न करताच तो म्हणाला, "आई, तुम्ही त्या दिवशी हिला घेऊन गेला असतात, तर मी अडवलं नसतं. तुम्ही उलट वाळू धुवायला बसलात. हे मी विसरणार नाही."

सासूबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "उगाच कशाला खोली? मी काय कायमची राहणार आहे?"

सुतारानं दोरी गुंडाळायला घेतली.

"राहू द्या, राहू द्या ती दोरी," त्या घाईनं म्हणाल्या. "खिडकी कुठल्या बाजूला काढताय, ते सांगा आधी."